बाबेतची मेजवानी आणि भुकेचा हिशेब

फ्रेंच माणसाच्या जेवणाचे कौतुक आपल्याकडे बहुधा उंची मद्य आणि नटव्या ताटल्या यांपाशी थांबते. २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात फ्रेंच भोजनाची नोंद केली, ती कोणा एका पदार्थाची नव्हे. आप्तेष्टांनी एकत्र बसावे, पदार्थ क्रमाने यावेत, चवीविषयी बोलणे व्हावे, या रीतीची ती नोंद आहे. ही रीत पारखू इच्छिणाऱ्यांनी गाब्रिएल आक्सेल यांचा ‘बाबेत्स फीस्ट’ (१९८७) हा डॅनिश चित्रपट पाहावा. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतिशिया’त त्याचा उल्लेख केल्यापासून आपल्या वाचकांना तो नावाने तरी ठाऊक आहे.

१८७१ मध्ये पॅरिस कम्यून चिरडले गेले. पती आणि पुत्र गमावलेली बाबेत डेन्मार्कच्या किनाऱ्यावर दोन प्रौढ बहिणींच्या आश्रयास येते. त्यांच्या कर्मठ प्रोटेस्टंट पंथात जिभेचे सुख म्हणजे मोह. पुढे सोडतीत लाभलेले दहा हजार फ्रँक ती एका रात्रीच्या जेवणावर खर्चून टाकते.

समीक्षक त्या रात्रीच्या कासवाच्या सूपावर आणि लावे पक्ष्यांवर लुब्ध होतात. आम्हांला त्याआधीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. घराबाहेर मासे सुकत टांगलेले आहेत. डहाणूच्या किनाऱ्यावर वलांडीवरचे बोंबील पाहिलेल्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. बाबेत येते तेव्हा घरात तोच सुका मासा, तीच पावाची बेचव पेज. ती रानातला पाला खुडते, कोळ्याशी ताज्या मासळीवरून हुज्जत घालते. पेजेला चव येते आणि घरखर्चही घटतो! फ्रेंच रसिकता म्हणतात ती ही. मेजवानी एका रात्रीची, ही पेज वर्षानुवर्षांची.

चित्रपटाविषयी आमची तक्रार मात्र गंभीर आहे. तो कारेन ब्लिक्सेन यांच्या कथेवर बेतला आहे. ‘आयसॅक डिनेसन’ या टोपणनावाने लिहिलेली ही कथा १९५८ च्या संग्रहात आहे. कथेतली बाबेत स्वतः कम्यूनच्या बाजूने लढलेली. आपण ज्यांना रांधून वाढले, त्याच सरदारांनी पॅरिसच्या गरिबांना उपाशी ठेवले, हे ती उघड बोलते. आणि तरीही त्यांच्यासाठी हळहळते, कारण तिच्या कलेची पारख त्यांनाच होती. हा पेच आक्सेल यांनी सौम्य करून टाकला. उरते ती क्षमेची गोड कथा.

आगर, डहाणू, तलासरी या पट्ट्यातील वाचकाने हे सौम्य रूप मुकाट्याने का स्वीकारावे? लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणारा ‘लग्नगडी’ याच भूमीतला. १९४५ चा वारल्यांचा उठाव आणि त्यामागची उपासमार गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये नोंदविली आहे. आणि हाच वारली नवे धान्य देवाला दाखविल्यावाचून तोंडी घालत नाही. त्याच्या भिंतीवरच्या चित्रांत कापणी, ताडी, तारप्याभोवतीचा नाच, सारे आहे. चवीने जगणे त्याला कोणा परदेशस्थाने शिकविण्याची गरज नव्हती. त्याच्या ताटात पुरेसे अन्न पडत नव्हते, एवढेच.

ज्यांना शक्य असेल त्यांनी चित्रपटानंतर मूळ कथा मिळवून वाचावी. शेवटची काही पाने सावकाश वाचावीत. बाबेतचा तो हिशेब तेथेच आहे.