उस्ताद अल्लादिया खाँ यांची चरित्रे : निवडीचे निकष आणि चिकित्सा

प्रस्तावना

गवयांची चरित्रे मराठीत विपुल आहेत. परंतु त्यांतील ग्राह्य कोणती आणि केवळ भक्तिपर कोणती, याची चिकित्सा त्या मानाने कमी झाली आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयात एखादे चरित्र ‘संदर्भग्रंथ’ म्हणून एकदा दाखल झाले की पुढील अनेक पिढ्यांचे विद्यार्थी त्यातील विधाने प्रमाण मानतात. म्हणूनच ही निवड केवळ अभिरुचीची बाब राहत नाही. प्रस्तुत लेखात जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (1855–1946) यांच्यावरील लेखनाच्या आधारे असे निकष मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

खाँसाहेबांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी 1977 मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात गेली. गुरूंचा आवाज मात्र आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. अब्दुल करीम खाँ (1872–1937) यांच्याबाबत स्थिती वेगळी आहे. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेले बृहद्‌चरित्र शिष्याच्या श्रद्धेतून लिहिले गेले असले, तरी त्यातील गायनविषयक विधाने ध्वनिमुद्रिकांशी ताडून पाहता येतात. अल्लादिया खाँ यांच्याबाबत ही सोय नाही. येथे चरित्र हे गाण्याचे पूरक वाचन नसून बऱ्याच अंशी गाण्याचा पुरावाच आहे. त्यामुळे चरित्रकाराची जबाबदारी वाढते, तशीच ते चरित्र निवडणाऱ्या अध्यापकाचीही वाढते.

उपलब्ध लेखनाची चिकित्सा

पहिले साधन खाँसाहेबांच्या स्वतःच्या कथनाचे. उतारवयात त्यांनी नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितलेल्या आठवणींचा इंग्रजी अनुवाद अम्लान दासगुप्ता आणि ऊर्मिला भिर्डीकर यांनी केला व तो 2000 मध्ये कोलकात्याहून प्रसिद्ध झाला. कलावंताची स्वतःची वाणी हे त्याचे बळ, तर स्मृतीवरील अवलंबन ही त्याची मर्यादा. वंशपरंपरेविषयीची माहिती इतिहास म्हणून नव्हे, तर घराण्याने स्वतःविषयी बाळगलेली धारणा म्हणून वाचणे उचित ठरेल. अशा वाचनाने तिचे मोल कमी होत नाही; घराण्याची प्रतिष्ठा कशी घडते, हे त्यातूनच कळते.

दुसरे साधन गोविंदराव टेंबे यांनी लिहिलेले चरित्र. टेंबे हे हार्मोनियमवादक, ‘मानापमान’ नाटकाचे संगीतकार आणि खाँसाहेबांच्या सहवासात वावरलेले जाणकार. त्यांचा कान हाच त्यांचा अधिकार होय. ध्वनिमुद्रणाच्या अभावी अशा श्रोत्याची साक्ष अमूल्य ठरते. मात्र सहवासातून आदर येतो आणि आदरातून मौनही येऊ शकते. म्हणून टेंबे ऐकलेल्या गाण्याविषयी बोलतात तेथे त्यांची साक्ष प्रत्यक्ष मानावी. त्यांच्या जन्मापूर्वीच्या घटनांविषयीचे त्यांचे निवेदन मात्र ऐकीव म्हणूनच जोखावे.

तिसरे साधन नमिता देवीदयाल यांचे ‘द म्युझिक रूम’ हे 2007 मधील इंग्रजी पुस्तक. धोंडूताई कुलकर्णी यांच्याकडील शिक्षणाच्या निमित्ताने केसरबाई व अल्लादिया खाँ यांचे विश्व त्यात उभे राहते. घराण्यातील स्त्री-गायिकांचे कष्ट आणि गुरु-शिष्य नात्यातील ताण त्यातून जाणवतात. तथापि, त्यातील गतकालीन प्रसंगांची पुनर्रचना साहित्यिक आहे. हा ग्रंथ वाङ्मय म्हणून जरूर वाचावा. तारखेसाठी त्याचा हवाला देऊ नये.

एक कसोटी : आवाज गमावल्याचा प्रसंग

तरुणपणी अतिगायनाने खाँसाहेबांचा आवाज बसला आणि पुढे बदललेल्या आवाजातून त्यांनी नवी गायकी घडविली, हा त्यांच्या चरित्रातील मध्यवर्ती प्रसंग होय. सामान्य चरित्रकार येथे चमत्कार पाहतो. चांगला चरित्रकार विचारतो की, आवाजाच्या मर्यादेतून किती घडले, धृपदाच्या वारशातून किती आले आणि अनवट व जोड रागांच्या व्यासंगाचा वाटा किती? वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (1961) या ग्रंथात जयपूर गायकीचे वैशिष्ट्य स्वर व लय यांच्या समतोलात शोधले. हे चरित्र नव्हे; तरीही चरित्रातील एका प्रसंगावर संपूर्ण गायकीचा भार टाकण्याच्या सवयीला ते योग्य प्रतिवाद पुरविते.

तुलनात्मक दृष्टी

जॅझ संगीतात असेच उदाहरण न्यू ऑर्लिन्सच्या बडी बोल्डन (1877–1931) यांचे आहे. त्यांचेही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. ते न्हावी होते, वृत्तपत्र चालवीत, अशा आख्यायिका अनेक वर्षे इतिहास म्हणून छापल्या गेल्या. मायकेल ओंडाटजे यांनी 1976 मध्ये त्यांच्यावर कादंबरी लिहिली. 1978 मध्ये डोनाल्ड मार्किस यांनी कागदपत्रांच्या आधारे त्या आख्यायिका निराधार ठरविल्या. कादंबरीचे मूल्य त्यामुळे घटले नाही. प्रत्येक ग्रंथाचे काम मात्र स्पष्ट झाले. संस्थानी दप्तर, नियतकालिके आणि जलशांच्या जाहिराती यांच्या आधारे मराठी संगीतचरित्रानेही हाच मार्ग धरावयास हवा.

आणखी एक निकष मौनाचा आहे. अब्दुल करीम खाँ यांच्यापासून ताराबाई माने 1922 मध्ये विभक्त झाल्या. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही या दोघांचीच अपत्ये. जे चरित्र ही हकिकत टाळते किंवा एका वाक्यात उरकते, ते किराणा गायकीच्या पुढील प्रवासाचेही अपुरे आकलन देते.

समारोप

ग्रंथालयासाठी निवड करताना लेखकाने स्वतः काय ऐकले, ऐकीव माहिती वेगळी दाखविली आहे काय, प्रसंगांतून गायकीचे स्पष्टीकरण मिळते काय आणि अडचणीच्या गोष्टी सांगितल्या आहेत काय, हे चार प्रश्न विचारावेत. या कसोटीवर खाँसाहेबांचे आत्मकथन आणि टेंबेकृत चरित्र ही दोन्ही आवश्यक ठरतात. मात्र ती एकत्र वाचावीत आणि केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर व मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकत वाचावीत. कोल्हापूर-मुंबईच्या मैफलींपासून दूर असलेल्या मराठवाड्यातील विद्यार्थ्याला घराण्याची पहिली ओळख बहुधा पुस्तकातूनच होते, म्हणून हा आग्रह.

हेच निकष आपल्या परिसरालाही लागू होतात. पं. नाथराव नेरळकर यांचे 2021 मध्ये निधन झाले. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेल्यांच्या साक्षी आजच, तारीखवार आणि नावानिशी, नोंदविल्या पाहिजेत. अन्यथा पुढील चरित्रकाराच्या हाती केवळ आख्यायिका उरतील.