मेंढ्यांच्या हिशेबातले पूर्वज

स्नानसंस्काराचा दाखला काढण्यासाठी धर्मग्रामाच्या कचेरीत गेलेल्या माणसाचे लक्ष बहुधा स्वतःच्या नावाच्या ओळीवरच खिळलेले असते. बालकाचे नाव, आईबापांची नावे, धर्ममाता-धर्मपिता, धर्मगुरूंची सही, आणि समासात पुढे कधीतरी केलेली विवाहाची नोंद. एवढ्याने काम भागते. परंतु एखाद्याला आपल्या खापरपणजोबांचा शोध घ्यावासा वाटला, तर हीच नोंदवही त्याला फार लवकर निरुत्तर करते. माणूस जन्मला, त्याने लग्न केले, त्याला मूठमाती मिळाली. मधली साठ वर्षे त्याने कशी काढली, कोणाशी भांडला, प्रभुमंदिरासाठी काय दिले आणि काय द्यायचे नाकारले, याबद्दल नोंदवही मूक असते.

एमन डफी या केंब्रिजच्या इतिहासकाराचे ‘द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ’ हे पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्यास हॉथॉर्नडेन पारितोषिक मिळाले. पुस्तक जुने झाले आहे, त्यावर लिहिलेही पुष्कळ गेले आहे. तरी पूर्वजांचा माग काढू पाहणाऱ्या शेतकरी कुटुंबातील वाचकाच्या नजरेने ते वाचावे, अशा इच्छेने हा लेख लिहीत आहे.

इंग्लंडमध्ये ‘योमन’ हा शेतकरी जमीनदार सरदाराहून खालचा आणि लहान शेतकऱ्याहून वरचा. कायद्याच्या भाषेत वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाच्या मालकीच्या जमिनीचा धनी. व्यवहारात मात्र गाव ज्याला बऱ्यापैकी सुस्थितीतला कुणबी समजे, तो योमन. एकाच माणसाने मृत्युपत्रात स्वतःस योमन म्हणवावे आणि त्याच्या पश्चात घरातील चीजवस्तूंची यादी करणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याला साधा शेतकरी लिहावे, असे प्रकार तेथील दप्तरात आढळतात. प्रतिष्ठेचा हा लपंडाव आपल्या वाडीवस्तीतील माणसाला समजावून सांगावा लागू नये.

अशा शेतकऱ्याचा शोध नोंदवह्यांतून घेणे हे किती चिकाटीचे काम आहे, हे सहज लक्षात येत नाही. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक धर्मग्रामाला स्नानसंस्कार, विवाह व दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम काढला. डेव्हन आणि कॉर्नवॉल येथील लोकांना धास्ती पडली, की आता जन्मावर, लग्नावर आणि मरणावर कर बसणार! १५९८ च्या सुमारास जुन्या कागदी वह्यांच्या नकला चर्मपत्रावर करण्याचा आदेश निघाला, तेव्हा ‘विशेषतः’ राणी एलिझाबेथच्या राज्यारंभापासून नकला कराव्यात असे त्यात म्हटले होते. पुष्कळ धर्मगुरूंनी त्या ‘विशेषतः’चा सोयीस्कर फायदा घेतला, म्हणून असंख्य नोंदवह्या १५५८ पासूनच सुरू होतात. पुढे यादवी युद्धाच्या काळात पुन्हा खंड. शिवाय १७५२ पर्यंत तेथील वर्ष २५ मार्चला, म्हणजे देवदूताच्या निरोपाच्या सणाला बदलत असे. हे ठाऊक नसलेला संशोधक पूर्वजाला आईबापांच्या लग्नाआधीच जन्माला घालून बसतो. आणि जी कुटुंबे कॅथलिक राहिली, ती राजाच्या चर्चच्या वहीत पुष्कळदा सापडतच नाहीत. दंड भरणाऱ्यांच्या यादीत सापडतात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये आपल्या ख्रिस्तसभेसाठी विवाहांची वही सक्तीची केली. आपल्या धर्मग्रामांतील जाडजूड नोंदवह्यांचे मूळ या परिषदेत आहे.

मोरबाथ हे डेव्हन परगण्यातील, एक्समूर माळरानाच्या दक्षिण कडेचे तेहतीस कुटुंबांचे गाव. १५२० मध्ये तेथे सर ख्रिस्तोफर ट्रिकी हे धर्मगुरू आले आणि १५७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. (‘सर’ ही येथे सरदारकी नव्हे, पदवी नसलेल्या धर्मगुरूला त्या काळी असेच संबोधीत.) या चोपन्न वर्षांत चार राज्यकर्ते झाले आणि धर्माची व्यवस्था कितीदा तरी उलटीसुलटी झाली. ट्रिकी यांनी मात्र एक काम सोडले नाही. चर्चच्या कारभाऱ्यांचे हिशेब ते स्वतः लिहीत आणि गावकऱ्यांना वाचून दाखवीत. हे हिशेब १९०४ मध्येच छापले गेले होते. डफींचे कर्तृत्व असे, की त्यांनी जमाखर्चाची वही एखाद्या ग्रंथासारखी वाचली.

या वहीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. १९४२ च्या मे महिन्यात जर्मन विमानांनी एक्सटर शहरावर बॉम्बवर्षाव केला आणि डेव्हनच्या शेतकऱ्यांची जुनी मृत्युपत्रे भस्मसात झाली. तेव्हा तेथील योमनाचे चरित्र शोधायचे तर अशा हिशेबांखेरीज फारसे काही हाती उरत नाही.

हिशेब कशाचे? मुख्यतः मेंढ्यांचे. मोरबाथच्या प्रभुमंदिरात प्रत्येक संताच्या मूर्तीपुढे दिवा तेवत असे, आणि त्या दिव्याच्या खर्चासाठी त्या संताच्या नावाने मेंढ्या असत. पवित्र मरियेच्या मेंढ्या, संत अँथनीच्या मेंढ्या. त्या वेगळ्या कळपात नसून गावातील शेतकऱ्यांच्या कळपांत वाटून दिलेल्या असत. वर्षाच्या शेवटी कोणाकडची किती व्याली, किती मेली, लोकर किती निघाली, याचा जाहीर हिशेब होई. गावचे अविवाहित तरुण आणि कुमारिका यांचेही स्वतंत्र निधी होते. एखाद्या घरची विधवाही पाळी आली की कारभारीण होई. डफींनी या रुक्ष आकड्यांतून जे उभे केले आहे ते खरोखर अपूर्व आहे. संताची मेंढी ज्याच्या गोठ्यात हिवाळा काढते, त्याच्या दृष्टीने भक्ती ही रविवारपुरती गोष्ट राहत नाही, हे त्यांनी एकही भाविक विशेषण न वापरता पटवून दिले आहे.

संत सिडवेलचे प्रकरण तर मला सर्वांत आवडले. एक्सटरची ही कुमारी हुतात्मा. सावत्र आईच्या चिथावणीवरून कापणी करणाऱ्यांनी विळ्याने तिचा शिरच्छेद केला, अशी आख्यायिका. ट्रिकी यांनी तिची मूर्ती गावात आणली आणि हळूहळू बायाबापड्यांनी दिलेल्या चांदीतून तिच्या पायात चांदीचा जोडा आला. नोंदवहीत या स्त्रिया ‘अमक्याची पत्नी’ म्हणून एकदाच येतात. हिशेबाच्या वहीत त्या काहीतरी देतात, आणि म्हणून दिसतात.

दुसरी कथा काळ्या मिस्सावस्त्रांची. मृतांच्या मिस्सासाठी काळ्या रंगाचा चांगला संच घ्यावा म्हणून ट्रिकी यांनी सुमारे वीस वर्षे पैसे साठवले, त्यात स्वतःच्या लोकरीच्या दशांशाचीही भर घातली. वस्त्रे अखेर १५४७ मध्ये आली. त्याच वर्षी सहाव्या एडवर्डचे राज्य सुरू झाले आणि मृतांसाठी मिस्सा करण्याची प्रथा मोडण्यास प्रारंभ झाला. डफी येथे थांबत नाहीत, हळहळत नाहीत. एवढा संयम क्वचितच पाहायला मिळतो.

मग १५४९. नवी इंग्रजी प्रार्थना सक्तीची झाली आणि डेव्हन-कॉर्नवॉलचे शेतकरी लॅटिन मिस्सासाठी उठले; त्यांनी एक्सटरला वेढा घातला. मोरबाथच्या हिशेबात पाच तरुणांना एक्सटरबाहेरील सेंट डेव्हिड्स डाउनच्या छावणीत जाण्यासाठी दिलेल्या पैशांची नोंद आहे. डफी म्हणतात, ही बंडखोरांची छावणी, आणि गावाने आपली मुले चर्चच्या पैशांतून तेथे पाठवली. नोंदीत ‘बंड’ हा शब्द नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. हे अनुमान आहे; परंतु आधीची-नंतरची पाने पाहता मला ते सबळ वाटते. ऑगस्टमध्ये बंड चिरडले गेले आणि हजारो मारले गेले.

येथपर्यंत स्तुती झाली. आता माझी तक्रार.

पुस्तकाच्या नावात ‘आवाज’ अनेकवचनी आहेत. प्रत्यक्षात आपण ऐकतो तो एकाच माणसाचा आवाज, आणि तो धर्मगुरूचा. शेतकरी जे बोलले ते ट्रिकी यांच्या लेखणीतून गाळून आले. चर्चच्या सेवकाला प्रत्येक घराने किती धान्य द्यावे, यावरून १५३० नंतरच्या दशकात गावात कित्येक वर्षे तंटा चालला. ज्यांनी देणे नाकारले, ते आपल्याला हट्टी आणि कुरकुरे वाटतात. का? कारण लिहिणारा तसा सांगतो. एखाद्या योमनाच्या बाजूने तोच हिशेब कसा दिसला असता? डफी हा तंटा लपवीत नाहीत. पण त्यांचे मन सलोख्याकडे ओढ घेते. ज्याच्याकडे संताची मेंढी सांभाळण्याइतकेही कुरण नव्हते, त्या मजुराबद्दल तर वहीतही थोडे आणि पुस्तकातही थोडेच आहे. पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने हे विसरू नये, की कागद ज्याला ओळखतो तोच पूर्वज आपल्याला भेटतो.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. राणी मेरीच्या काळात, १५५३ नंतर, गावकऱ्यांनी आपापल्या घरांतून लपवलेल्या मूर्तींचे भाग आणि चर्चच्या वस्तू परत आणल्या. हे वाचताना कॅथलिक वाचकाचा ऊर भरून येतो. पण पाच-सहा वर्षांनी एलिझाबेथ आली आणि सारे पुन्हा उतरवले गेले. ट्रिकी राहिले, शेतकरीही राहिले, नव्या उपासनेला येऊ लागले. सुमारे १५४९ मध्येच विल्टशायरमध्ये जन्मलेला एक तरुण देश सोडून रोमला गेला, येशूसंघी झाला, १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला आणि पुढे मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिता झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. मोरबाथचा शेतकरी मात्र जमीन आणि मेंढ्या सोडून कोठे जाणार होता? पिढ्यान्‌पिढ्या जेथे नांगर धरला, तेथेच त्याला मरायचे होते. डफी ट्रिकींच्या शरणागतीकडे करुणेने पाहतात, त्यांना भित्रे म्हणत नाहीत. ते मला मान्य आहे. पण हीच करुणा शेतकऱ्यांच्या वाट्यास त्यांनी फार घाईने दिली. शेवटच्या भागात धर्मगुरू स्पष्ट दिसतो, गाव धूसर होत जाते. १५५४ च्या सुमारास ज्याने लपवलेली वस्तू परत आणून दिली, त्याच घरातील माणूस १५६० नंतर कारभारी म्हणून नव्या पुस्तकाची किंमत चुकती करताना काय मनात आणीत होता, हा प्रश्न डफींनी निदान मांडायला तरी हवा होता. हिशेबात त्या खर्चापुढे रक्कम आहे आणि तिची बेरीज बरोबर आहे.