दाराच्या आंतली मंडळी

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करतांना टीकाकारांची दृष्टि बहुधा एकाच प्रसंगावर खिळलेली असते, आणि तो प्रसंग म्हणजे धर्मांतर. कोण कोणत्या शंकेनें अस्वस्थ झाला, कोणत्या ग्रंथानें त्याची खात्री पटली, घरच्या माणसांनीं कसा आकांत केला आणि अखेर बाप्तिस्म्याचें पाणी मस्तकावर कसें पडलें, एवढें सांगून झालें कीं कथा संपली असें लेखक समजतो व वाचकहि समजतो. परंतु त्यापुढच्या रविवारीं काय झालें? ज्या चर्चमध्यें तो मनुष्य आतां दर आठवड्यास जाणार, ज्यांना त्यानें निवडलेलें नाहीं अशा माणसांच्या शेजारीं बसणार, त्यांच्याशीं भांडणार आणि अखेर त्यांच्याच खांद्यावरून स्मशानांत जाणार, त्या चर्चवर त्याचें प्रेम जडलें कीं नाहीं? आमच्या मतें हा प्रश्न धर्मांतराच्या प्रश्नाहून अधिक अवघड आहे, आणि मराठींतील फार थोड्या पुस्तकांनीं त्याला हात घातला आहे.

मराठी बायबलांत विश्वासणाऱ्यांच्या समुदायास ‘मंडळी’ हा शब्द योजिला आहे. शब्द मोठा घरगुती आहे. पत्नीचें नांव घेण्यास संकोचणारा जुना गृहस्थ ‘आमची मंडळी माहेरीं गेली आहे’ असें म्हणे, तेव्हां त्या एका शब्दांत बायको, मुलेंबाळें आणि सारा संसार येत असे. पौलानें इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत ख्रिस्त आणि मंडळी यांचें नातें पतिपत्नींच्या नात्याच्या शेजारीं ठेविलें आहे. त्यामुळें भाषांतरकारांनीं मुद्दाम साधलेला असो वा नसो, हा योग मराठी वाचकाच्या कानाला चांगलाच लागतो. तत्त्वावर प्रेम करतां येतें, पण मंडळीबरोबर नांदावें लागतें.

गेल्या शतकाच्याहि मागच्या शतकांत, मुंबईंत, दोन निराळ्या मंडळ्या एकाच पिढीच्या तरुणांना बोलावीत होत्या. १८४९ सालीं स्थापन झालेली परमहंस मंडळी ही त्यांतील एक. जातिभेद मोडावा, एकेश्वरास भजावें हे तिचे हेतु. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणें ही तेथील प्रवेशाची कसोटी. पण हें सारें गुप्तपणें चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटल्याची वार्ता पसरली आणि मंडळी विसकटली. दुसरी मंडळी डॉ. जॉन विल्सन यांच्याभोंवतीं जमलेली. १८२९ सालीं मुंबईस आलेल्या या स्कॉटिश मिशनऱ्याच्या परंपरेंतील गिरगांवचें अंब्रोली चर्च आजहि उभें आहे. येथें गुप्ततेला जागा नव्हती. १८३९ सालीं धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणानें व १८४३ सालीं नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला, तेव्हां शहरभर गजहब झाला. नारायणरावांच्या धाकट्या भावाचा, श्रीपतीचा, वाद तर न्यायालयापर्यंत गेला. मुलगा बापाच्या स्वाधीन झाला आणि त्याला जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावरून ब्राह्मणवर्गांत दोन तट पडले.

एका मंडळींत नांव फुटलें कीं सारें संपे. दुसरींत नांव उघड लिहिल्यावांचून आरंभच होत नसे. परमहंसांना भित्रे म्हणून हिणविण्याची रीत आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. घरीं म्हातारे आईबाप असतांना बहिष्काराचें भय बाळगणें हा कांहीं नीचपणा नव्हे. शिवाय त्याच मंडळींतील कित्येकांनीं पुढें १८६७ सालीं प्रार्थनासमाज उघडपणें उभा केला. परंतु समविचारी मित्रांचा मेळा आणि मंडळी यांतील भेद येथेंच कळतो. मित्र आपण निवडतों व मन विटलें कीं सोडतों. मंडळी आपल्या पदरीं पडते.

या दोन्ही मंडळ्या आंतून पाहिलेला मराठी लेखक म्हणजे बाबा पदमनजी. १८३१ सालीं बेळगांवीं जन्मलेला हा तरुण मुंबईंत शिकत असतां परमहंस मंडळींत होता. १८५४ सालीं त्यानें बेळगांवीं बाप्तिस्मा घेतला. त्याचें आत्मचरित्र ‘अरुणोदय’ प्रामाणिक आहे, आणि मनाचे हेलकावे टिपण्याची त्याची हातोटी त्या काळच्या मराठी गद्यांत दुर्मिळच होती. पण ग्रंथाच्या नांवाप्रमाणेंच तो उजाडण्याचा ग्रंथ आहे, दिवसाचा नव्हे. पूर्वायुष्य, शंका, शोध आणि प्रवेश यांवर त्याचा सारा भर. पुढें बाबांनीं पुण्यास पाळक म्हणून काम केलें, १९०६ पर्यंत ते जगले व अखंड लिहीत राहिले. पाळकास मंडळीचें जें दर्शन होतें तें दुसऱ्या कोणास होणार? आजाऱ्याच्या उशाशीं बसणें, वर्गणीसाठीं फिरणें, दोन कुटुंबांचा अबोला सोडविणें हें सारें त्यांनीं केलें असेलच. त्याची कथा मात्र ‘अरुणोदयां’त नाहीं. दारापर्यंत आणून लेखक आपला हात सोडतो, ही आमची त्या ग्रंथाविषयींची मुख्य तक्रार आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ नेमकीं येथून पुढें आपल्याला नेतात. नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. त्या वेळीं लक्ष्मीबाईंनीं कोणताहि निर्णय घेतलेला नव्हता. निर्णय त्यांच्यावर कोसळला होता. कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या त्या आपलें सोंवळेंओंवळें बरोबर घेऊन, वेगळी चूल मांडून. वादविवाद करून त्या ख्रिस्ती झाल्या नाहींत. आधीं शेजार जुळला, मुलेंबाळें, आजारपणें, देणींघेणीं आलीं. जातीचा बांध एके दिवशीं एकटीनें विचार करतां करतां फुटला. आणि १९०० सालीं बाप्तिस्मा झाला तेव्हां त्या मनानें कधींच आंत आलेल्या होत्या. नगर जिल्ह्यांतील मंडळ्यांत बहुसंख्य माणसें महार व मांग समाजांतून आलेलीं होतीं. नाशिककडच्या ब्राह्मण घरांत वाढलेल्या स्त्रीनें त्यांना आपलीं माणसें म्हणावें, ही घटना कोणत्याहि तत्त्वचर्चेपेक्षां मोठी आहे. आणि बाईंनीं ती इतक्या हंसतखेळत सांगितली आहे कीं हंसण्याच्या भरांत वाचक तिचें वजन विसरतो. ‘स्मृतिचित्रें’ म्हणजे विक्षिप्त नवरा आणि भोळी बायको यांची गंमत, असें समजणाऱ्यांनीं अर्धेंच पुस्तक वाचलें आहे.

खुद्द टिळकांचें काय? येथें आमचा निर्णय सहजासहजीं होत नाहीं. त्यांना परक्या मिशनच्या पगारावर पोसलेली मंडळी खुपत होती. हिंदी ख्रिस्ताला हिंदी घर मिळत नाहीं हें शल्य होतें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांसहि स्थान दिलें. टिळकांचें निदान अचूक होतें असें आम्ही मानतों. पण ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत त्यांचा अंत झाला आणि दरबाराला मूळ धरण्यास अवधि मिळालाच नाहीं. ज्या मंडळ्यांच्या कोतेपणाला ते कंटाळले, त्याच मंडळ्या त्यांचीं गीतें ‘उपासना संगीतां’तून आजहि गात आहेत. गिरगांवांत वा भायखळ्यास एखाद्या रविवारीं मराठी उपासनेस जाऊन बसावें. तेथें पेटीच्या सुरावर जें गाणें उठतें तें पुष्कळदां या निघून गेलेल्या माणसाचें असतें. रागावून गेलेल्या वडील भावाचें ताट मांडून ठेवावें तशी ही मंडळी वागली आहे. आणि तो रागावला नसता तर तिच्या तोंडीं परकी चालच राहिली असती, हेंहि विसरतां येत नाहीं. प्रेम म्हणजे गप्प बसणें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परिपूर्ण मंडळीवर कोणीहि प्रेम करील. लक्ष्मीबाईंनीं अपुरीवर केलें, एवढाच फरक आम्हांस दिसतो.

कॅथलिकांची गोष्ट निराळी आहे. दादरचें पोर्तुगीज चर्च १५९६ पासूनचें. तेथें जन्मानेंच माणूस मंडळींत येतो. जुनी इमारत जाऊन १९७० च्या दशकांत चार्ल्स कोरियांच्या आराखड्याप्रमाणें नवी उभी राहिली, तरी बसथांब्याचें नांव बदललें नाहीं आणि पिढीजात कुटुंबांचें येणेंहि थांबलें नाहीं.

प्रोटेस्टंट मराठी माणसापुढें मात्र निवड आहे, आणि तीच त्याची परीक्षा. १९७० सालीं नागपूर येथें निरनिराळे पंथ मिळून उत्तर भारताची मंडळी झाली, तेव्हां फलक एक झाले. मनें एक होण्यास वेळ लागतो. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या थंडावल्या, चाळींच्या जागीं मनोरे आले, कुटुंबें कल्याण-विरारकडे पांगलीं. घराजवळ नवें, वाजतेंगाजतें चर्च असतांना दीड तास लोकलनें जुन्या चर्चला कां यावें, असा प्रश्न मुलें विचारतात. तो प्रश्न उद्धट नाहीं. त्याचें उत्तर देणारी कादंबरी वा आठवणींचें पुस्तक मुंबईच्या कोणा मराठी ख्रिस्ती लेखकानें अजून आमच्या हातीं दिलेलें नाहीं. सामग्री थोडी नाहीं: बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आहेत, पंचांच्या सभांचीं टिपणें आहेत, आणि त्या टिपणांत न आलेलीं भांडणें सांगणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. तें पुस्तक येईपर्यंत वाचकानें ‘स्मृतिचित्रें’ पुन्हां काढावीं, आणि या खेपेस बाईंच्या बाप्तिस्म्याच्या प्रकरणापासून पुढें वाचावयास आरंभ करावा.