‘-कर’ प्रत्यय आणि मूळ गावाचा पुरावा

‘-कर’ प्रत्ययान्त आडनाव हा मूळ वसतिस्थानाचा निर्णायक पुरावा होय, हे गृहीतक चिकित्सेस टिकत नाही. खुद्द पनवेलीत ‘पनवेलकर’ हे नाव व्यवच्छेदक ठरत नाही. गाव सोडलेल्यास ते परगावी प्राप्त होते. मुंबईत स्थिरावलेल्या बेने इस्रायली कुटुंबांची पेणकर, रोहेकर ही आडनावे याची साक्ष देतात. उलट पटवर्धन संस्थानिकांना सांगलीकर, मिरजकर म्हटले गेले ते स्वामित्वामुळे.

इंग्रजीतही हा द्विविध क्रम आढळतो. डरहॅम परगण्यातील वॉशिंग्टन बाराव्या शतकात धारण करणाऱ्या घराण्याने तेच नाव घेतले. लिंकन, यॉर्क ही नगरवाचक आडनावे मात्र बहुधा स्थलांतरितांना पडली.

या भेदाचे महत्त्व केवळ व्युत्पत्तीपुरते नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर नव्या मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या, त्या आगरी-कोळी समाजात पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर ही आडनावे प्रचलित आहेत. त्यांत ग्रामनाम नाही. परंतु तेवढ्यावरून त्यांचा मूळ रहिवास संशयास्पद मानणे अशास्त्रीय ठरेल. ग्रामनामाचा अभाव हा येथे स्थैर्याशीच अधिक सुसंगत आहे. म्हणून अभ्यासकाने आडनावावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी गावठाणाचे व जमिनीचे दप्तर पाहणे अगत्याचे होय.