एका भयमालिकेतील थोरला मुलगा

“फादर, जॉन विंचेस्टर तुमच्याकडे कुमसाराला आला असता, तर तुम्ही त्याला पापमुक्ती दिली असती का?”

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने हा प्रश्न विचारला, तेव्हा हा जॉन कोण, हेही मला ठाऊक नव्हते. ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचे तो बाप, आणि ती मालिका पाहणाऱ्यांमध्ये त्याच्यावरून गेली वीस वर्षे वाद चालू आहे, हे मला त्या तरुणाकडूनच कळले. त्याच्या आग्रहाखातर मी ती पाहू लागलो.

भुताखेतांची ही मालिका ख्रिस्ती कुटुंबांनी पाहावी काय, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. तिच्यातील देवदूत आणि सैतान आपल्या शिकवणुकीशी जुळत नाहीत. अखेरच्या पर्वात तर परमेश्वरालाच एक लहरी लेखक ठरवून खलनायक केले आहे. परंतु प्रेक्षक मात्र देवदूतांवर फारसे भांडत नाहीत. ते भांडतात एका बापावर आणि त्याच्या दोन मुलांवर. त्या भांडणात मला पुष्कळ तथ्य दिसले.

एरिक क्रिपकी यांनी निर्माण केलेली ही मालिका १३ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झाली आणि १९ नोव्हेंबर २०२० रोजी संपली. पंधरा पर्वे, ३२७ भाग. कथेचा आरंभ कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावी, १९८३ च्या नोव्हेंबरातील एका रात्री होतो. मेरी विंचेस्टर तान्ह्या सॅमच्या खोलीत एका दुष्टात्म्याच्या हातून जळून मरते. तिचा पती जॉन त्या तान्ह्याला चार वर्षांच्या डीनच्या हाती देतो आणि याला घेऊन बाहेर पळ, मागे वळून पाहू नकोस, असे सांगतो. डीन तसेच करतो. पुढे उभा जन्म तो ते ओझे खाली ठेवत नाही.

सूडाने पेटलेला जॉन दोन्ही मुलांना १९६७ च्या शेव्हरोले इम्पाला गाडीत घालून देशभर हिंडतो. दिवसेंदिवस त्यांना स्वस्त मोटेलांत एकटे सोडून स्वतः पिशाच्चांच्या शिकारीला जातो. धाकटा सॅम शिक्षणासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाची वाट धरतो, तेव्हा बाप त्याला बजावतो, गेलास तर परत येऊ नकोस. उधळ्या पुत्राचा दाखला येथे उलटा झाला आहे. दूर गेलेला मुलगा शिकायला गेला आहे, आणि दार बापाने लावून घेतले आहे. थोरला मात्र दाखल्यातल्यासारखाच घरी राहून राबतो आहे. एवढेच की त्याला घरच नाही.

प्रेक्षकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, पत्नी गमावलेल्या त्या पुरुषाला जमले तेवढे त्याने केले. मुलांना जिवंत ठेवले, आणि अखेर डीनच्या प्राणांसाठी स्वतःचा आत्मा गहाण टाकला. दुसरा तट म्हणतो, हा मुलांवरचा अत्याचार होता. हा तट पुरावे नेमके देतो. पहिल्या पर्वात कोवळा डीन मोटेलच्या खोलीत कोंडून कंटाळतो आणि क्षणभर खेळायला बाहेर पडतो. तेवढ्यात लहानग्या सॅमवर पिशाच्च चालून येते. त्या दिवसापासून बापाची आपल्याकडे पाहण्याची नजर बदलली, असे डीन मोठेपणी सांगतो. नवव्या पर्वात सोळा वर्षांचा डीन जेवणाचे पैसे पत्त्यांत हरतो आणि भावासाठी पाव चोरताना पकडला जातो. पोलीस बापाला कळवतात. बाप म्हणतो, सडू द्या त्याला तुरुंगात.

पाचव्या पर्वातील एक प्रसंग मला या सर्वांहून महत्त्वाचा वाटतो. स्वर्गात डीनला त्याच्या बालपणीची एक आठवण पुन्हा जगायला मिळते. आईबाबांचे फोनवर भांडण झाले आहे, आणि चार वर्षांचा डीन आईला मिठी मारून तिची समजूत घालतो आहे. आग अद्याप लागायची आहे! बापाच्या हातून झालेली मोडतोड हा मुलगा केव्हापासून सावरतो आहे, ते सॅमला त्या क्षणी उमगते. जॉनच्या कठोरपणाचे सारे खापर त्या आगीवर फोडणाऱ्यांना मालिकेनेच दिलेले हे उत्तर आहे.

(अकराव्या पर्वाच्या अखेरीस मेरी पुन्हा जिवंत होते, पण बाराव्या पर्वात मुलांपासून काही काळ दूर राहते. तिच्यावर रागावलेल्यांपैकी कित्येकांनी जॉनला केव्हाच माफ केले होते. बापाची अनुपस्थिती आपण कर्तव्य मानतो, आईची मात्र गुन्हा. ही सवय अमेरिकेपुरती नाही, हे आखातात किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या धर्मगुरूला सांगावे लागत नाही.)

त्या तरुणाला मी आरंभी घाईने उत्तर दिले होते: मुलासाठी प्राण देणाऱ्याला पापमुक्ती का नाकारावी? नंतर दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग पुन्हा पाहिला आणि मी अस्वस्थ झालो. इस्पितळात मरणापूर्वी जॉन डीनपुढे खरोखर कबुली देतो. शिकारीहून मी खचून परतलो की तू माझ्या खांद्यावर हात ठेवून, ठीक आहे बाबा, असे म्हणायचास. ते मी तुला म्हणायला हवे होते. मी तुला फार लवकर मोठे केले, असे तो सांगतो. यात पश्चात्ताप आहे, निवेदन आहे, अश्रूही आहेत. आणि लगेच तो मुलाच्या कानाशी वाकून त्याच्यावर नवे ओझे टाकतो: सॅमला वाचव, आणि वाचवता आले नाही तर त्याला मारून टाक. ज्या पापाची कबुली दिली, तेच पाप त्याच श्वासात पुन्हा! फिरून पाप न करण्याचा निर्धार हा पश्चात्तापाचाच भाग आहे, असे आम्हाला सेमिनरीत शिकवले होते. जॉनच्या कबुलीत नेमके तेवढेच नाही. त्या तरुणाला मी दुसऱ्यांदा भेटून माझे उत्तर मागे घेतले.

मालिकेला स्वतःला ही उणीव जाणवली असावी. ७ फेब्रुवारी २०१९ रोजी दाखवलेल्या तीनशेव्या भागात जॉन थोड्या वेळापुरता परत येतो आणि चौघे एका टेबलाशी जेवतात. प्रसंग हृद्य आहे. माझेही डोळे पाणावले. परंतु तेथेही बाप क्षमा मागतो ती सॅमची. डीनला त्याच्याकडून मिळतो तो अभिमान. दाखल्यातील पिता थोरल्याची समजूत घालायला अंगणात आला होता. हा बाप त्याला शाबासकी देऊन निघून जातो. हा समेट फार स्वस्तात उरकला, असे म्हणणाऱ्या प्रेक्षकांच्या बाजूने मी आहे.

अखेरच्या भागात एका कोठारात डीन मरतो. मरताना तो धाकट्या भावाला विनवतो, ठीक आहे असे मला सांग. लहानपणी बापाला जे शब्द तो पुरवीत आला, तेच आता तो मागतो आहे. सॅम रडत रडत ते उच्चारतो. स्वर्गात पोचल्यावर डीनला सांगितले जाते की तुझे आईबाबा जवळच राहतात. तो हसतो, गाडीत बसतो आणि सॅम येईपर्यंत रस्त्याने एकटाच हिंडत राहतो.