मधल्या सीटवर कोण बसलंय?

घरच्या घरी कयाक कशी बांधायची हे शोधत बसलं, की कधी ना कधी एका पुस्तकाचं नाव समोर येतं. केनेथ ब्रॉवर यांचं ‘द स्टारशिप अँड द कनू’, १९७८ सालचं. मी ते वाचायला घेतलं तेव्हा शहापूरच्या आमच्या गच्चीवर बांबूचा अर्धा सांगाडा पडला होता आणि त्यावर ताडपत्री चढवायची की जाड नायलॉन, इथे माझं घोडं अडलं होतं.

या प्रकारची होडी म्हणजे हलक्या लाकडाचा सांगाडा, आणि त्यावर ताणून शिवलेलं कातडं किंवा कापड. हंपीला तुंगभद्रेत गोल टोपलीसारखी होडी पाहिली असेल, तर तत्त्व तेच. तिथे बांबूच्या टोपलीला बाहेरून पूर्वी कातडं असायचं, आता प्लास्टिक आणि डांबर असतं. सांगाड्याचे सांधे खिळ्यांनी ठोकत नाहीत, दोरीने बांधतात. लाट आली की होडी थोडी वाकते, म्हणून तुटत नाही.

ब्रॉवर यांच्या पुस्तकात बाप-लेक आहेत. बाप फ्रीमन डायसन, प्रिन्स्टनचा नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ. १९५८-५९ मध्ये तो ‘ओरायन’ प्रकल्पावर काम करत होता. यानाच्या मागे एकामागून एक अणुबॉम्ब फोडायचे आणि त्या धक्क्यावर पुढे जायचं, १९७० पर्यंत शनीजवळ पोचायचं, असा बेत. मुलगा जॉर्ज. तो विशीच्या आत घर सोडून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला, ९५ फूट उंचीवर झाडात घर बांधून राहिला, आणि अल्युट लोकांच्या ‘बैदार्का’ होडीच्या धर्तीवर ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि फायबरग्लासच्या होड्या बांधू लागला. त्यातली एक तर ४८ फुटांची.

पुस्तक चांगलं आहे, यात शंका नाही. ब्रॉवर दोघांचे प्रवास शेजारी शेजारी ठेवतात आणि कुणालाही जिंकवत नाहीत. बाप वेडा आणि मुलगा संत, अशी सोपी मांडणी त्यांना सहज करता आली असती. उलट दोघांची ओढ एकच आहे, फक्त एकाला अवकाश हवंय आणि दुसऱ्याला समुद्र, हे ते हळूहळू दाखवतात. शेवटाकडे दोघं भेटतात ती पानं मी दोनदा वाचली.

पण दुसऱ्या वेळी काहीतरी खटकलं. कारण आमच्या घरात ही गोष्ट उलटी घडली आहे.

आम्ही ढिवर. आजोबांचा वैनगंगेत डोंगा होता, एका लाकडात कोरलेला. बाबांनी तो सोडला आणि जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी धरली. काम जोखमीचं, पण महिन्याच्या महिन्याला पगार. जॉर्जसाठी होडी म्हणजे बापाच्या बॉम्बपासून सुटका. माझ्या बाबांसाठी दारूगोळा म्हणजे होडीपासून सुटका. गच्चीवरचा सांगाडा पाहून ते एवढंच म्हणाले, “आमी जन्मभर पान्यातून बाहेर निंगाची वाट पायली, अन् तुले पैसे खर्चून पान्यात जायाचं हाय?”

या वाक्याला ब्रॉवर यांच्या पुस्तकात जागा नाही. तिथे होडी म्हणजे मोकळेपण, हे गृहीतच धरलेलं आहे. पण ज्यांच्याकडून ती आली, त्या अल्युट लोकांचं काय? त्यांच्या बेटांवर झाडं नाहीत. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, त्यावर समुद्रसिंहाचं कातडं, आणि पाणी आत येणार नाही अशी बायकांनी घातलेली शिवण. माप घ्यायचं ते स्वतःच्या हाताचं, बोटांचं. १७४१ मध्ये बेरिंगची मोहीम तिकडे पोचली आणि मागोमाग रशियन फर-व्यापारी आले. समुद्री ऊदमांजराच्या कातड्यासाठी त्यांनी घरच्या माणसांना ओलीस धरून अल्युट शिकाऱ्यांना याच होड्यांतून राबवलं. त्या काळात तीन सीटची बैदार्का रुळली. पुढे-मागे वल्ही मारणारे अल्युट, मधे बसलेला रशियन अधिकारी नाहीतर पाद्री.

ही मधली सीट विसरून बैदार्काबद्दल लिहिलं, की ती नुसती सुंदर वस्तू उरते. ब्रॉवर यांचं पुस्तक बरेचदा तिथे घसरतं. पुढे १९८६ मध्ये जॉर्ज डायसननेच ‘बैदार्का’ नावाचं पुस्तक लिहून रशियन काळाच्या इतिहासात खोलवर शिरायचं काम केलं. होडी बांधणारा तिच्या चरित्रकारापेक्षा पुढे गेला, असं मला वाटतं.

मग आपल्यासारख्यांनी होडी बांधूच नये का? बांधावी. स्वतःच्या मापाची वस्तू स्वतः बांधण्यात जो आनंद आहे तो खोटा नाही, आणि ब्रॉवर तो नेमका पकडतात. फक्त छंद आणि पोट यांतला फरक झाकू नये. वल्हं खाली ठेवून घरी जाता येतं, म्हणून मला ते हलकं वाटतं. आजोबांना ती सोय नव्हती.

पुस्तक जरूर वाचा. वाचताना घरातल्या कुणाला तरी विचारा, की हे काम आपल्याकडे कोण करायचं आणि त्यांनी ते का सोडलं. मी विचारलं. बाबा परवा गच्चीवर आले, माझी एक गाठ सोडून पुन्हा बांधली आणि काही न बोलता खाली गेले. कापडाचं अजून ठरलेलं नाही.