अशनी, मंडूर आणि लोणारचा मारुती

लोणार सरोवराजवळील निद्रिस्त मारुतीची मूर्ती उल्कापाषाणाची आहे, ही समजूत आता बरीच रूढ झाली आहे. मूर्तीच्या अंगी चुंबकत्व आहे, हा तिचा मुख्य आधार. तो कितपत टिकतो, आणि या कथेला 'प्राचीन आख्यायिका' म्हणणे कितपत युक्त आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे असतातच. वीज पडल्यानेही खडकाचे चुंबकत्व वाढते. तेव्हा होकायंत्राची सुई ढळणे हा आकाशातून आल्याचा पुरावा नव्हे. काटोल येथे २२ मे २०१२ रोजी पडलेले दगड अशनी ठरले ते खनिजघटना तपासल्यावर, सुईवरून नव्हे.

दुसरा प्रश्न कथेच्या वयाचा. जुन्या कथेत लवणासुर भूविवरात राहतो. विष्णू विवराचे झाकण उडवितो व दूरवर त्याची टेकडी होते. येथे दगड जमिनीतून बाहेर जातो. नव्या कथेत तो आकाशातून खाली येतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आघातजन्य असल्याचा मॅस्केलिनाइटचा पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला. तोवर ज्वालामुखीचा पक्षच प्रबळ होता. म्हणजे नवी कथा ही विज्ञानवार्तेची संतती दिसते, पुराणाची नव्हे. तिच्या आधारे पूर्वजांना आघाताचे ज्ञान होते असे म्हणणे म्हणजे कार्यालाच कारण मानणे होय.

भाषेची साक्षही अशीच आहे. संस्कृतात 'अशनि' म्हणजे वज्र, कोसळणारी वीज. भूमीवर पोचलेली उल्का हा त्याचा आजचा पारिभाषिक अर्थ. तो जुन्या ग्रंथांवर लादला, की प्रत्येक अशनिपात उल्कापात ठरतो. उलट लोहाच्या किटाला आयुर्वेदाने 'मंडूर' हे स्वतंत्र नाव दिले आहे.

हा भेद भोसरी-चाकणच्या पट्ट्यात विशेष महत्त्वाचा आहे. ओतशाळांतील काळी, सच्छिद्र मळी उल्का म्हणून दाखविली जाणे हा जगभरचा नित्य अनुभव आहे. येथे क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने नमुना भूशास्त्रज्ञास दाखवावा; आणि निवेदक 'विजेचा दगड' म्हणाला की 'उल्का', हे त्याच्याच शब्दांत टिपावे. दगड खोटा ठरला तरी कथेचा अभ्यास निष्फळ होत नाही. कथेचे वय चुकविले, तर मात्र होतो.